एका 'चालू' यंत्राची बखर

यंत्रांच्या तीन जाती आहेत. पहिली चालणारी, दुसरी बंद पडलेली आणि तिसरी 'चालू'. पहिल्या दोन जातींविषयी लिहिण्यासारखं फारसं काही नाही. चालणाऱ्या यंत्राकडे कोणी ढुंकून बघत नाही आणि बंद पडलेलं यंत्र आधी माळ्यावर आणि मग भंगारवाल्याकडे जातं. खरं नामांकित कुळ तिसरं. 'तो माणूस मोठा चालू आहे' असं आपण ज्या अर्थाने म्हणतो, नेमक्या त्याच अर्थाने हे यंत्र चालू असतं. आज चालतं, उद्या चालत नाही, परवा पाहुण्यांसमोर चालतं आणि मेकॅनिकसमोर तर असं खणखणीत चालतं की आपणच खोटे पडावं.

पूर्वी घरोघर या कुळातला एखादा तरी सभासद असायचा. रेडिओला उजव्या अंगाला थापट मारली की बातम्या लागत, डाव्या अंगाला मारली तर नुसती खरखर. स्कूटर तिरकी करून, कानाशी काही तरी पुटपुटून किक मारावी लागे. परक्याने ती चोरून नेली असती तरी त्याच्याने ती सुरू झाली नसती. पण या कुळाचा मुकुटमणी म्हणजे टेबलावरचा संगणक. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा घरघरतो, आपण खुर्ची पुढे ओढून बसतो, आणि पडदा मात्र काळाकुट्ट. पुन्हा दाबा. काळा. तिसऱ्यांदा दाबा. 'सुस्वागतम्!' जणू मघाशी काही झालंच नव्हतं.

पेशव्यांची बखर आहे, पानिपताची आहे. पण या लहरी घराण्याची बखर कोणी लिहिलेली नाही. ती लिहायला घेतली आहे.

मूळपुरुषापासून सुरुवात करू. १९४६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 'एनिॲक' नावाचा संगणक जगापुढे आला. एकर्ट आणि मॉकली हे त्याचे जनक. बाळाचं वजन साधारण तीस टन. ते एका मोठ्या दालनाच्या तीन भिंती अडवून उभं होतं. अंगात जवळजवळ १८,००० व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी वापरलाय त्यांना वेगळं सांगायला नको. रेडिओत पाच-सहा व्हॉल्व्ह असत, तरी महिन्या-दोन महिन्यांनी 'व्हॉल्व्ह गेला' असं दुकानदार सांगायचाच. इथे अठरा हजार! एवढ्या गोतावळ्यात कोणी ना कोणी सदैव आजारी असणार, सबब हे यंत्र धड दोन घटका चालणार नाही, असं भाकीत पुष्कळ जाणत्यांनी केलं होतं. लग्नघरात शंभर माणसं जमली तर एकाचं तरी पोट बिघडतंच, तसंच.

एकर्ट गडी मोठा सावध. त्याने दोन गोष्टी केल्या. एक, व्हॉल्व्हना जेवढा जोर सोसतो त्याहून बऱ्याच कमी जोरावर ते चालवले. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि वाचकांनी ती लक्षात ठेवावी, पुढे कामाला येणार आहे. व्हॉल्व्ह जास्त करून मरतात ते काम करताना नव्हे, थंडाचे गरम होताना आणि गरमाचे थंड होताना. म्हणून यंत्र शक्यतो बंदच करायचं नाही! दीडशे किलोवॉट वीज रात्रंदिवस जळत राहिली. ते लागलं की अख्ख्या फिलाडेल्फियाचे दिवे मंद होत, अशी एक आख्यायिका आहे. ती खोटी. पण वीजबिल कोण भरत होतं याची चौकशी केल्यावर तो खर्च अमेरिकन लष्कराकडे होता असं समजतं आणि आपला जीव भांड्यात पडतो.

आणखी एक गोष्ट एकर्टने पुढे एका मुलाखतीत सांगितली. यंत्रात मैलोगणती वायर लागणार आणि उंदीर वायर खाणार. म्हणून त्याने नाना प्रकारच्या वायरींचे नमुने उंदरांच्या पिंजऱ्यात ठेवले आणि उंदरांना जी वायर आवडली नाही ती यंत्राला वापरली. आपल्याकडे स्थळ बघताना इतकी चौकशी होत नाही.

एवढं करूनही दर एक-दोन दिवसांनी एखादा व्हॉल्व्ह जायचाच. पण तो अठरा हजारांतून हुडकून काढायला पंधरा मिनिटं पुरत, असं एकर्ट म्हणे. कशामुळे? तर त्या यंत्राचा अंतर्बाह्य अभ्यास केलेली माणसं तिथे होती म्हणून. त्यात सहा तरुण बायका होत्या: के मॅक्नल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिख्टरमन. सुरुवातीला लष्करी गुप्ततेपायी त्यांना यंत्राच्या खोलीत शिरायचीही परवानगी नव्हती. नुसत्या नकाशांवरून त्या यंत्र शिकल्या. घरात कुठल्या डब्यात काय आहे हे जसं एकाच माणसाला ठाऊक असतं, तसा कुठला व्हॉल्व्ह कुठे रुसलाय हे त्यांना कळायचं. समारंभाच्या फोटोत त्या आहेत. त्यांची नावं मात्र जगाला कळायला पुढे चाळीस वर्षं लागली. १९५४ साली एनिॲकने एक विक्रम केला. सलग ११६ तास बिनतक्रार चालला. म्हणजे पाच दिवसही नाही. पण आठ वर्षं त्याच्याशी संसार केलेल्यांनाच त्या पाच दिवसांची किंमत ठाऊक!

आता दुसरं प्रकरण. ९ सप्टेंबर १९४७. हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क टू' नावाचा संगणक चाचणीला लावला होता. हा व्हॉल्व्हवर नव्हे, रिलेवर चालणारा. रिले म्हणजे विजेने आपोआप उघडमीट होणारं बटण. यंत्र चुकू लागलं म्हणून मंडळी शोधायला लागली. पॅनेल 'एफ', रिले क्रमांक ७०. तिथे एक पाखरू अडकून मेलं होतं. दिवा दिसला की झेप घेतात त्यांतलंच एक.

अशा वेळी आपण काय करतो? चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकतो आणि 'झालं सुरू!' म्हणून चहाला जातो. त्या लोकांनी ते पाखरू नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवलं, पुढे वेळ घातली, दुपारचे पावणेचार, आणि शेरा मारला की 'बग' प्रत्यक्ष सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग. यंत्रातल्या खोडीला 'बग' म्हणजे किडा म्हणायची चाल त्याआधीची आहे. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रात तो शब्द त्याच अर्थाने आहे. म्हणूनच तो शेरा विनोदी. पाऊणशे वर्षं इंजिनियर ज्या काल्पनिक किड्याच्या नावाने बोटं मोडत होते, तो एकदाचा पंखांसकट हजर झाला होता. ग्रेस हॉपर या विदुषीने ही गोष्ट पुढे इतक्या वेळा आणि इतकी रंगवून सांगितली की पाखरू तिनेच पकडलं असं लोक धरून चालले.

लगेच पुढच्या वर्षी, १९४८ साली, स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रबंध प्रसिद्ध केला. त्याचा संगणकाशी काही संबंध नाही, पण आमच्या बखरीशी फार जवळचा आहे. त्याने आठ भुकेली कबुतरं पिंजऱ्यांत ठेवली आणि ठराविक वेळाने त्यांच्यापुढे आपोआप दाणे येतील अशी व्यवस्था केली. कबुतराने काहीही करो वा न करो, वेळ झाली की दाणे यायचे. थोड्या दिवसांनी बघतो तो काय, एक कबूतर स्वतःभोवती उलट्या दिशेने प्रदक्षिणा घालतंय, दुसरं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोकं खुपसतंय, आणखी दोघं मान घड्याळाच्या लंबकासारखी हलवताहेत. पहिल्यांदा दाणे आले तेव्हा आपण जे करत होतो त्यामुळेच ते आले, अशी प्रत्येकाची खात्री! आठांतली सहा कबुतरं अशी व्रतस्थ झाली.

हे वाचलं आणि मला त्या पिंजऱ्यात आमची सगळी आळी दिसली. कधी चालणारं, कधी न चालणारं यंत्र पुढे आलं की माणसापुढे दोनच मार्ग असतात. एक कबुतराचा, दुसरा नोंदवहीचा. संगणकाचा सगळा इतिहास म्हणजे या दोन पंथांची लढाई आहे, आणि ती अजून संपलेली नाही.

संगणक सुरू होण्याला 'बूट होणं' म्हणतात, त्याचाही उगम इथेच सांगून टाकतो. पायातल्या बुटाचाच हा बूट. स्वतःच्या बुटाचे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलणं, असा इंग्रजीत अशक्य गोष्टीसाठी वाक्प्रचार आहे. संगणकाची अडचण तीच. त्याने काय करायचं हे सांगणारी आज्ञावली आत भरायची असते. पण ती भरून कशी घ्यायची हे कळायला आत आधी एक आज्ञावली लागते. म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. १९४९ साली केंब्रिजला विल्क्स यांच्या 'एडसॅक' संगणकावर डेव्हिड व्हीलर या तरुणाने यातून वाट काढली. टेलिफोन एक्स्चेंजात वापरतात तसल्या स्विचांवर त्याने अवघ्या ३१ आज्ञा कायमच्या तारांनी जोडून ठेवल्या. बटण दाबलं की त्या एकतीस जागच्या होत आणि बाकीच्यांना हाका मारत. पहाटे घरातली एक म्हातारी उठते आणि मग सगळं घर उठतं, तोच प्रकार.

त्या एडसॅकची स्मरणशक्ती होती पाऱ्यात. पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्यांतून ध्वनीचे ठोके फिरत राहत, तेच आठवणीत ठेवलेले आकडे. तापमान बदललं की ठोक्यांची गती बदले आणि यंत्राला विस्मरण होई. ॲलन ट्युरिंग या थोर गणितज्ञाने सुचवलं होतं की पाऱ्याऐवजी जिन भरा. हो, पिण्याची जिन. तिच्यातलं अल्कोहोल आणि पाण्याचं प्रमाण असं आहे, की खोलीतल्या नेहमीच्या तापमानात थोडाफार फरक पडला तरी ध्वनीच्या गतीत फरक पडत नाही. सूचना अमलात आली नाही. आली असती तर यंत्राची स्मृती कशी राहिली असती कोण जाणे, देखभाल करणाऱ्यांची नक्की गेली असती.

आपणही मागे नव्हतो. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी देशी संगणक बांधला. तो १९६० साली कामाला लागला. त्यात २,७०० व्हॉल्व्ह होते. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं बारसं केलं. मुंबईच्या दमट हवेत जिथे पापड चार दिवस कुरकुरीत राहत नाही, तिथे २,७०० व्हॉल्व्ह एका सुरात ठेवणं ही काय चीज असेल, ते कोकणातून आलेल्या कोणालाही समजेल.

मग व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, नखाएवढी चिप आली. आता पाखरू शिरायला जागाच उरली नाही. खोड्याही गेल्या असतील असं वाटलं होतं, पण त्या फक्त बारीक झाल्या. १९७८ साली इंटेल कंपनीतले मे आणि वुड्स हे दोघे एका कोड्याच्या मागे लागले होते. स्मृतीच्या चिपमधला एखादा शून्य मधूनच एक होई, एकाचा शून्य होई. चिप तपासावी तर ठणठणीत. यंत्र अडखळून थांबे आणि पुन्हा सुरू केलं की निर्दोष. शेवटी चोर सापडला तो चिपच्या अंगरख्यात. ज्या आवरणात चिप बसवत त्याच्या मालमसाल्यात युरेनियम आणि थोरियमचा अगदी किंचित अंश होता. त्यातून सुटणारा एखादा अल्फा कण चिपवर आदळला की आकडा उलटा. दुसऱ्याच वर्षी, १९७९ मध्ये, झीगलर आणि लॅनफर्ड यांनी दाखवलं की अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळेही हे होऊ शकतं, आणि जितकं उंचावर जावं तितकं जास्त. म्हणजे अलिबागेपेक्षा महाबळेश्वरला धोका अधिक. 'ग्रहमान ठीक नाही' असं म्हणणाऱ्याला यापुढे एकदम हसू नये. ग्रहांचा नसला तरी ताऱ्यांचा हात असू शकतो! फरक इतकाच की ज्योतिषी तो आधी सांगतो आणि शास्त्रज्ञ तपासून सांगतो.

कबुतरपंथाचा सर्वांत मोठा विजय मात्र १९८० सालचा. ॲपल कंपनीने 'ॲपल थ्री' नावाचा महागडा संगणक काढला. स्टीव्ह जॉब्सला पंख्याची घरघर आवडत नसे, म्हणून आत पंखाच नाही. यंत्र तापे, तापून-निवून चिपा आपापल्या खोबणीतून सैल होत आणि यंत्र झोपी जाई. तेव्हा गिऱ्हाइकांना सल्ला मिळाला: यंत्र टेबलावरून दोन-तीन इंच उचला आणि सोडून द्या. आपटला की चिपा पुन्हा जागेवर! आमच्या रेडिओला थापट मारणाऱ्या पिढीचा याहून मोठा गौरव कोणता? पुढे कंपनीला सुमारे १४,००० यंत्रं बदलून द्यावी लागली.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमचा पीसी आला आणि संगणकाला वाचा फुटली. सुरू होताना तो स्वतःची प्रकृती स्वतः तपासतो आणि सगळं ठीक असेल तर एकदा 'पिक्' करतो. बिघाड असेल तर वेगळ्या तालात ओरडतो. पुढे निरनिराळ्या कंपन्यांनी आपापले ताल ठरवले, त्यामुळे एकाचा 'रॅम नाही' तो दुसऱ्याचा भलताच. ऐकणारा शेवटी मात्रा मोजत तबलजीसारखा बसून राहतो. पडद्यावर एक निरोपही येई, तो अजरामर आहे: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरचं अमुक बटण दाबा.

इथवरचा इतिहास कागदोपत्री. आता त्याचा जो अध्याय आमच्या घरात घडला तो सांगतो. साल २००४, गाव पुणे, महिना डिसेंबर. संगणक नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. वय एक्क्याऐंशी. रेल्वेच्या लोकोशेडमध्ये छत्तीस वर्षं वाफेच्या इंजिनांत काढलेला माणूस. रोज पहाटे साडेपाचला उठून, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, एका बोटाने आपल्या नोकरीच्या आठवणी टंकायचे. एकशे चाळीस पानं झाली होती. आणि त्या डिसेंबरात संगणक 'चालू' झाला. म्हणजे चालेनासा झाला. म्हणजे कधी कधी.

घरात लगोलग कबुतरं जमली. शेजारच्या काकांनी 'व्होल्टेज' असा एकच शब्द उच्चारला आणि स्टॅबिलायझर आणून ठेवला. भाच्याने कॅबिनेट उघडून रॅमची पट्टी काढली, खोडरबराने पुसली आणि परत बसवली. (याला शास्त्राधार आहे. पट्टीच्या टोकांवर काट चढते, ती निघते.) सौ.ने आधी यंत्रावरची धूळ पुसायची आणि मग बटण दाबायचं असा नेम धरला. आईने एकदा मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. गंमत म्हणजे प्रत्येकाच्या उपायाने यंत्र एकदा तरी सुरू झालं, त्यामुळे प्रत्येकाची आपापल्या उपायावर श्रद्धा बसली.

यंत्र रिक्षातून दुकानात नेलं. दुपारची वेळ. तिथे पहिल्या फटक्यात सुरू. दुकानातला मुलगा म्हणाला, "आजोबा, हे तर मस्त चालतंय. तरी पण व्हायरस असेल. फॉरमॅट मारून टाकू."

"म्हणजे काय करणार?" नानांनी विचारलं.

"सगळं पुसून नव्याने भरायचं. एकदम साफ."

"माझी छत्तीस वर्षं पुसणार?" नाना म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण तो मुलगा एक पाऊल मागे सरकला. "बाळ, रोगाचं नाव कळल्याशिवाय आमच्या शेडमध्ये इंजिनाचा एक नटदेखील ढिला करत नसू. आधी ती पानं तबकडीवर उतरवून दे. मग बघू." पानं उतरली. यंत्र घरी आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पडदा काळा.

त्या दिवसापासून नानांनी जुन्या डायरीत रकाने आखले. तारीख, वेळ, आधी किती तास बंद, कितव्या प्रयत्नाला सुरू, शेरा. घरात कोणीही बटण दाबलं की नोंद झालीच पाहिजे असा हुकूम सुटला. तेवीस दिवस वही चालली. त्या काळात कोणीही मध्ये उपाय करायचा नाही, अशी सक्त ताकीद. काकांना स्टॅबिलायझर परत न्यावा लागला, ते आठवडाभर बोलले नाहीत.

चोविसाव्या दिवशी नानांनी वही माझ्यापुढे सरकवली. पहाटेच्या नोंदी: तिसरा प्रयत्न, चौथा प्रयत्न, चौथा, पाचवा. दुपारची वामकुक्षी आटोपून तासाभराने लावलेलं: पहिला, पहिला, पहिला. शेऱ्याच्या रकान्यात एका पहाटे 'थंडी. दोन स्वेटर.' आणि पुढे प्रयत्न सहावा! एके दिवशी ढगाळ हवा होती, गारठा कमी, तिथे प्रयत्न दुसरा.

"इंजिन थंड आहे," नाना म्हणाले. "शेडमध्ये गार इंजिन पेटवायला घेतलं की वाफ धरायला काही तास जायचे. इथे कुठली तरी वस्तू गरम झाल्याशिवाय काम करत नाहीये. तुम्ही पुसता, घासता, ओवाळता, तेवढ्या वेळात बटण चार वेळा दाबलं जातं, आत वीज खेळते, ती वस्तू ऊब धरते आणि श्रेय तुम्हाला."

पण अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला नानांनी कॅबिनेटची बाजू उघडून शेजारी साठ वॉटचा टेबललॅम्प लावून ठेवला. अर्ध्या तासाने बटण दाबलं. पहिल्या प्रयत्नात 'पिक्'. पुढच्या पहाटे मुद्दाम दिवा लावला नाही: प्रयत्न चौथा. त्याच्या पुढच्या पहाटे दिवा: पहिला. मग वही घेऊन नाना स्वतः दुकानात गेले. मुलाने ती उभ्याउभ्या वाचली, काही न बोलता मदरबोर्ड बाहेर काढला आणि विजेरीचा झोत टाकला. प्रोसेसरच्या भोवती बोटाच्या पेराएवढे सहा-सात कपॅसिटर. त्यांची सपाट डोकी टम्म फुगली होती, एकातून तपकिरी चिकट काही तरी पाझरत होतं.

कपॅसिटर म्हणजे आपल्या पंख्यातल्या कंडेन्सरचा धाकटा भाऊ. विजेचे हेलकावे सोसून पुढे संथ वीज सोडायची हे त्याचं काम. आतला द्रव सुकला, बिघडला, की त्याला ते जमत नाही, आणि थंडीत तर मुळीच नाही. प्रोसेसरला धड वीज मिळत नाही, तो जागाच होत नाही. थोडा गरम झाला की कपॅसिटर कसाबसा निभावून नेतो. एकर्टने १९४६ मध्ये ओळखलेला शत्रू, थंडाचं गरम होणं, तो अठ्ठावन्न वर्षांनी आमच्या घरी स्वेटर घालून आला होता. आता तो मारत नव्हता, नुसता उशीर करत होता.

आणि आमचं यंत्र एकटं नव्हतं. साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर असे लाखो कपॅसिटर फुगले, पाझरले, काही फुटले. बरेचसे तैवानात बनलेले. जपानी कंपनीतल्या द्रवाची कृती कोणी तरी अर्धवट चोरली आणि त्यातला टिकाऊपणाचा मसाला राहून गेला, अशी कहाणी तेव्हा पसरली होती. ती सिद्ध झाली नाही, पण शेजारणीकडून लोणच्याची कृती आणताना एक जिन्नस नेहमी गाळलेला असतो, हा आपला अनुभव तिच्या बाजूने आहे. २००५ साली डेल या बड्या अमेरिकन कंपनीने असे संगणक दुरुस्त करण्यासाठी आणि बदलून देण्यासाठी तीस कोटी डॉलर बाजूला काढले. आमचं काम शंभर रुपयांच्या आत झालं. मुलाने जुने कपॅसिटर काढून नवे डाग देऊन बसवले. काढलेल्यांतला एक फुगीर कपॅसिटर नानांनी मागून घेतला.

पुढच्या आठ महिन्यांत नानांची पानं दोनशे बारा झाली. शेवटचं पान कुठलंसं इंजिन कायमचं थंड करण्याविषयी आहे. ते पुरं करून त्यांनी संगणक बंद केला आणि त्या वर्षीच्या दिवाळीनंतर ते गेले. यंत्र पुढे तीन वर्षं पहिल्या प्रयत्नात सुरू होत होतं. फॉरमॅटचा हुकूम पाळला असता तरी सुरू झालंच असतं म्हणा, तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला. रोग आत तसाच राहिला असता, आणि आम्ही म्हटलं असतं, गुण आला.

बिघाडापेक्षा हे 'सुरू झालं ना, मग झालं' फार घातक. पार बंद पडलेलं यंत्र निदान विचार करायला लावतं. अधूनमधून चालणारं यंत्र आपल्याला विचार न करायची सवय लावतं. आजची यंत्रं तर पिक्देखील करत नाहीत. मोबाइल असो, टीव्ही असो की बँकेचं यंत्र, तक्रार करायला फोन करावा तर पलीकडचा आवाज मधाळपणे सांगतो, 'सर, एकदा बंद करून चालू करून बघा.' आपण बंद करून चालू करतो. चालतं. कबूतर प्रदक्षिणा घालतं, दाणे येतात.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात हार्वर्डची ती नोंदवही जपून ठेवली आहे. पान पिवळं पडलंय, चिकटपट्टीही पिवळी पडली आहे आणि तिच्याखाली ते पाखरू अजून आहे. संग्रहालयं राजेरजवाड्यांच्या तलवारी ठेवतात, मुकुट ठेवतात. पाखराने काय पराक्रम केला होता? काही नाही. ते बिचारं दिव्याकडे आलं आणि मेलं. पराक्रम त्याला न झटकता वहीत चिकटवणाऱ्याचा. आमच्याकडेही एक जुनी डायरी आहे, तिच्या चोविसाव्या पानावर एक फुगलेला कपॅसिटर चिकटपट्टीने लावलेला आहे आणि खाली वळणदार अक्षरांत शेरा आहे: 'कारण सापडले. वेळ ११:२०.'